जसं आलं तसं पुढे

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादी खोटी बातमी पडली, की सगळे ॲडमिनकडे बघतात. ‘ॲडमिनने लक्ष द्यावं’ असं दोघं-तिघं लिहितात. ज्याने ती टाकली, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. टाकणारे बहुधा कुणाचे तरी काका असतात, आणि काकांना चारचौघांत खोटं पाडायचं कसं?

ॲडमिनवर हे ओझं कायद्यानेही टाकलेलं नाही. गोंदिया जिल्ह्यात एका सदस्याने ग्रुपवर एका महिलेबद्दल अश्लाघ्य मजकूर लिहिला. ॲडमिनने त्याला काढून टाकलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये ॲडमिनवरचा तो खटला रद्द केला. सदस्य घेणं आणि काढणं एवढेच त्याचे अधिकार. कोण काय लिहिणार याची त्याला आधी कल्पना नसते, असं न्यायालयाचं म्हणणं. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. २०२२ पासून ॲडमिनला इतरांचे मेसेज पुसता येतात हे खरं, पण तोवर ते निम्म्या सोसायटीने वाचलेले असतात.

म्हणजे जबाबदारी उरते ती तुमच्या-माझ्यावर. आपण ती एका ओळीत झटकतो: ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्ड’. जसं आलं तसं पुढे पाठवलं, खरंखोटं तुमचं तुम्ही बघा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा फोनाफोनी फिरत होत्या. त्या पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करतोय असंच वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. त्याने वेग कमी होतो. पाठवणाऱ्याला खात्री करून घेण्याची सवय काही त्यातून लागत नाही.

माझं मत साधं आहे. चूक चारचौघांत दुरुस्त करावी आणि माणसाशी बाजूला बोलावं. आपण नेमकं उलटं करतो. काकांना खासगीत हळूच सांगतो, ‘ते खरं नाहीये हं’. काका मेसेज पुसतात आणि विषय मिटला असं दोघांनाही वाटतं. पण ज्यांनी तो वाचून माहेरच्या, ऑफिसच्या, भिशीच्या ग्रुपवर पाठवला, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचतच नाही. मूळ मेसेज पुसला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. दुसऱ्या टोकाला, एखादा तरुण ग्रुपवरच ‘काय पण अक्कल’ असा शेरा मारतो. मग बातमी बाजूला राहते आणि दोन घरांतलं भांडण तेवढं उरतं.

म्हणून ग्रुपवर फक्त बातमीबद्दल लिहावं: ‘पाण्याबद्दलचा हा मेसेज जुना आहे, महापालिकेने आज असं काही जाहीर केलेलं नाही.’ सोबत खात्रीची लिंक द्यावी. पाठवणाऱ्याचं नाव नको, हसणारी इमोजी नको. काकांना फोन करून किंवा जिन्यात भेटल्यावर सांगावं, की तुमचा हेतू चांगला होता, पण पुढच्या वेळी आधी विचारा.

काकांनाही एक काम उरतंच. मेसेज गुपचूप पुसू नये. त्याखालीच लिहावं, ‘हे खोटं निघालं, ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनी तिकडेही कळवा.’ असं लिहायला धैर्य लागतं, कारण आपल्या ग्रुपांवर चूक कबूल करणाऱ्याची टिंगल होते आणि गप्प बसणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. हा हिशोब ॲडमिनला बदलता येणार नाही. वाढदिवसाला केकच्या चित्रांचा पाऊस पाडणाऱ्या सदस्यांनी अशा दुरुस्तीखाली ‘बरं झालं कळवलंत’ एवढं लिहिलं, तर पुढच्या माणसाला ती करणं सोपं जाईल.