समजून घ्या : भाडेवादात न्यायालय स्वतःचाच निकाल बदलू शकते का?

जागा रिकामी करण्याचा निकाल विरोधात गेला, तर त्याच न्यायालयाकडे पुनर्विलोकन अर्ज करता येतो. पण कारणे मोजकीच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४७ नुसार निकालात ढळढळीत चूक, प्रयत्न करूनही आधी न मिळालेला महत्त्वाचा पुरावा किंवा तशाच स्वरूपाचे सबळ कारण लागते. मुदत ३० दिवस.

निकाल पटला नाही, एवढे पुरत नाही. पुनर्विलोकन म्हणजे वेष बदललेले अपील नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बजावले. अर्ज फेटाळल्यास त्या आदेशावर अपील नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३४ नुसार अपिलाची मुदतही ३० दिवसच. पुनर्विलोकनाचा अर्ज केला म्हणून ती आपोआप थांबत नाही. त्यामुळे भाडेकरू असो वा घरमालक, चुकीची वाट धरल्यास अपिलाची संधीही हुकू शकते.