अब्बू, हे अरबी आहे का?

नववीतल्या माझ्या मुलीने ई-रीडर पुढे धरून हा प्रश्न विचारला. पडद्यावर प्रेमचंदांची कथा होती, उर्दूच. पण अक्षरे नस्ख वळणाची, एका सरळ रेषेवर बसवलेली.

आपल्या घरांत मूल कुरआन नस्खमध्ये शिकते, तेही जेर-जबरसकट. उर्दू मात्र ते नस्तालिकमध्ये शिकते, जिथे शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरत येतो. बालभारतीची उर्दू पुस्तकेही नस्तालिकमध्येच असतात. त्यामुळे जेर-जबर नसलेली नस्ख समोर आली की डोळा तिला आधी अरबी समजतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या वर्गात मी हे रोज पाहतो. पुस्तकातला धडा धडाधड वाचणारी मुले मोबाईलवरची उर्दू बातमी अक्षर लावत वाचतात, आणि कंटाळून रोमनकडे वळतात.

एक सहकारी म्हणतात, "वळणात काय ठेवलंय सर, सवय होते." होते की. अरबी, सिंधी नस्खमध्येच छापतात. पण सवय होईपर्यंत मूल थांबत नाही, ते पुस्तक बंद करते.

नस्तालिक यंत्राला जड जाते हे खरे. कातिबांनी हाताने लिहायचे ते काम 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालिकने संगणकावर आणले, तेव्हा त्यासाठी वीस हजारांच्या आसपास जोड-आकार लागले. आज ती अडचण उरलेली नाही. आयफोननेही 2017 मध्ये उर्दूसाठी नस्तालिक दिले.

आमचा ई-रीडर जुना. भाच्याने त्याचे कुलूप तोडून त्यात कोरीडर हे मोफत वाचन-सॉफ्टवेअर आधीच टाकले होते. त्याच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये मी नोटो नस्तालिक उर्दू ठेवला आणि पुस्तक उघडले. ओळी उंच झाल्या, पानावर निम्म्याच मावतात, पाने भराभर उलटावी लागतात. मुलीची तक्रार नाही. मेनूमधली अक्षरे बदलायची तर मूळ सिस्टीम फॉन्टला हात लावावा लागतो. मूळ फाईलची प्रत जपून ठेवल्याशिवाय तसे करू नका, नाहीतर यंत्र सुरूच होत नाही. कोरियन वाचकही आपल्या हंगुलसाठी असेच उद्योग करतात.

आणि हे फक्त उर्दूचे दुखणे नाही. त्याच यंत्रावर मराठी पुस्तकातला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचा दिसत होता. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा असे शासनाने 2022 च्या निर्णयात म्हटले आहे, पण ई-रीडरला शासन निर्णय कोण वाचून दाखवणार? राज्य मराठी विकास संस्थेचा मोफत यशोमुद्रा टाकला, तेव्हा मराठी मराठीसारखी दिसली.

दोन्ही फॉन्ट फुकट, वेळ लागला एक संध्याकाळ. शाळांना टॅब्लेट देताना ही संध्याकाळ कुणीतरी आधीच का काढत नाही? मुलीची कथा संपली आहे. पुस्तकांच्या यादीतली नावे मात्र अजून नस्खमध्येच दिसतात. भाचा ईदला आला की ती बदलू.