21 महिन्यांचं पासिंग 19 दिवसांत

ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे
26 ऑक्टोबर 2021

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

साहेब,

तुमच्या मंत्रालयाला जूनमध्ये पाठवलेल्या पत्राला उत्तर नाही. ऑगस्टमधल्या पत्रालाही नाही. रजिस्टर पोस्टाच्या पोचपावत्या तेवढ्या परत आल्या. गाडीच्या कागदांच्या पाकिटात मुदत न संपणारे कागद सध्या तेवढेच आहेत, म्हणून त्या जपून ठेवल्यात. आता उघड लिहितो, म्हणजे निदान चार लोक तरी वाचतील.

मी पिकअपवाला. ओतूर, आळेफाटा, नारायणगावचा माल वाशीला नेतो. घरात एक शाळेची व्हॅनही आहे. जुन्नर-आंबेगावातल्या बहुतेक गाडीवाल्यांचं माझ्यासारखंच चालतं. एक गाडी पोट भरते, दुसरी हप्ता फेडते.

कोरोनात तुम्ही गाड्यांच्या फिटनेसला, आमच्या भाषेत पासिंगला, मुदतवाढ दिली. पहिली मुदतवाढ योग्यच होती, तिच्याबद्दल आभार. 30 मार्च 2020ला पासिंगचा ट्रॅक उघडा ठेवा, असं कोणी वेडाही म्हणाला नसता. 1 फेब्रुवारीपासून संपलेले कागद 30 जूनपर्यंत चालतील, असं तुम्ही सांगितलंत आणि आम्ही नारायणगावचा टोमॅटो मुंबईला पोचवत राहिलो. भाजीपाला अत्यावश्यक सेवेत होता. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून, अंजनावळ्यापासून आहुप्यापर्यंत, पेशंट आणायला जीपशिवाय दुसरं काही नव्हतं. तेव्हा त्या जीपचा फिटनेस कोणी विचारला नाही, ते बरंच झालं.

पण पुढचं काय? तारखा तुमच्या दप्तरात असतीलच, तरी एकदा एका ओळीत वाचा. 30 जूनला संपणारी मुदत 9 जूनला वाढवलीत, म्हणजे 21 दिवस आधी. 30 सप्टेंबरची 24 ऑगस्टला वाढवलीत, 37 दिवस आधी. इथवर कारभार शहाण्यासारखा चालला होता. 31 डिसेंबरची वाढवलीत 27 डिसेंबरला, चार दिवस आधी. 31 मार्च 2021ची 26 मार्चला, पाच दिवस आधी. 30 जूनची 17 जूनला. आणि 30 सप्टेंबरला संपणारी मुदत वाढवलीत 30 सप्टेंबरलाच! एकूण सात वेळा. सहा वेळा तीन-तीन महिने आणि सातव्या वेळी, आम्ही सवयीने परत तीन महिने धरून बसलेलो असताना, एक महिना.

त्या एका महिन्याचा हिशोब मांडतो. फेब्रुवारी 2020 ते ऑक्टोबर 2021 हे 21 महिने. आठ वर्षांपुढच्या गाडीचं पासिंग दरवर्षी असतं. म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या गाडीचं या काळात एकदा तरी आणि बहुतेकांचं दोनदा व्हायला हवं होतं. हा सगळा थकलेला ढीग ऑक्टोबरात उपसायचा. ऑक्टोबरचे शनिवार-रविवार वजा करा, दसऱ्याची सुट्टी वजा करा, ईदची करा. पाच दिवसांच्या आठवड्याच्या हिशोबाने कामाचे दिवस उरतात 19. शेवटची तारीख 31, त्या दिवशी रविवार. 21 महिन्यांचं काम 19 दिवसांत उरका असं मंत्रालयाला वाटलं, त्याअर्थी कुणीतरी कॅलेंडर न बघता सही केली, किंवा बघून केली. दुसरं खरं असेल तर ते जास्त वाईट.

त्यात तपासणीची जागा ओतूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर. गाडी एकदा नेऊन आणायची म्हणजे दीडशेच्या वर किलोमीटरचं डिझेल, आणि डिझेल शंभरी ओलांडून गेलंय. त्या दिवसाचं भाडं बुडतं. रिफ्लेक्टरची पट्टी, इंडिकेटर, मडगार्ड, स्पीड गव्हर्नर, यातलं एक जरी कमी निघालं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फेरी. ऑनलाइन तारीख घ्यायला गेलो तर मिळाली नोव्हेंबरच्या मध्यावरची. म्हणजे माझा कागद 31 ऑक्टोबरला मरणार आणि त्याला जिवंत करायची तारीख त्यानंतर दोन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत मी पिकअप चालवायची की खांद्यावर क्रेट न्यायचे? कार्यालयातल्या माणसाला हे विचारलं तर तो म्हणाला, वर विचारा. म्हणून वर विचारतोय.

तुम्ही म्हणाल, जगात सगळीकडे अशीच ओढाताण झाली. ब्रिटनचं बघा. तिथेही मोटारींच्या तपासणीची सवलत 30 मार्च 2020लाच सुरू झाली, तुमच्या पहिल्या पत्राचीच तारीख. त्यांनी काय केलं? ज्या गाडीची जी तारीख होती तीच सहा महिने पुढे ढकलली. एप्रिलची गाडी ऑक्टोबरात, मेची नोव्हेंबरात. 1 ऑगस्टपासून सवलत बंद करून तपासणी पुन्हा सक्तीची केली. शरद ऋतूत गर्दी त्यांच्याकडेही झाली, पण प्रत्येक मालकाला आपली तारीख ठाऊक होती. तुम्ही सगळ्या देशाच्या गाड्यांना एकच मरणतिथी दिलीत आणि ती सहा वेळा पुढे नेलीत.

आता कागद बाजूला ठेवून गाडीकडे बघू. माझी व्हॅन, मधले थोडे आठवडे सोडले तर, मार्च 2020पासून घरामागे उभी होती. या महिन्यात बाहेर काढली तेव्हा मागच्या चाकाचे लायनर ड्रमला चिकटलेले. ड्रम हातोडीने ठोकून सोडवावा लागला. आतला व्हील सिलिंडर गळत होता, रबर कडक होऊन चिरलेलं. टायर एका जागी बसून चपटे झालेले, उंदरांनी डॅशबोर्डखालचं वायरिंग खाल्लेलं. मिस्त्री म्हणाला, बॅटरी मेली ते बरं झालं, नाहीतर तू ही तशीच चालवली असतीस. तुमच्या कागदावर मात्र ही गाडी पूर्ण वेळ ‘फिट’ होती.

आणि ही उभी असलेल्या गाडीची कथा. माझी पिकअप तर सगळा काळ धावत होती, माल भरून, खेडचा घाट आणि वाशीचा रस्ता, एकदाही कुणी ब्रेक न तपासता. मी स्वतः तपासले, कारण जीव माझा आहे. सगळेच तपासतात असं मी शपथेवर सांगणार नाही. 13 ऑगस्टला तुम्ही वाहन भंगार धोरण आणलंत, फिटनेसमध्ये नापास झालेली गाडी रस्त्यावर नको म्हणालात. मग ज्या फिटनेसवर एवढं धोरण उभं आहे, तो 21 महिने कुणाच्या भरवशावर सोडला होता? सहा-सहा महिन्यांनी एखादा निरीक्षक मंचरला आणि जुन्नरला येऊन ब्रेक, स्टिअरिंग, दिवे बघून गेला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? मास्क लावून लस देता येते, मास्क लावून गाडीखाली वाकून बघता येत नाही?

अजून एक. तुमची सातही पत्रं राज्यांना दिलेला सल्ला आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम 56 मात्र सल्ला देत नाही, ते सरळ सांगतं की फिटनेस नसेल तर गाडी नोंदलेलीच धरली जाणार नाही. आंबेगावातल्या एका गाडीवाल्याचा अपघात झाला. विमा कंपनीच्या माणसापुढे त्याने तुमच्या पत्राची प्रिंट ठेवली. ‘हा सल्ला आहे, आदेश दाखवा,’ असं उत्तर मिळालं. त्याचा दावा अजून लोंबकळतोय. विम्याचा हप्ता मात्र सल्ल्यावर चालत नाही, तो वेळेवर भरावा लागतो. महामार्गावरचा टोलही 25 मार्च 2020ला थांबला आणि 20 एप्रिलला परत सुरू झाला. ती सवलत संपायला महिनासुद्धा लागला नाही.

राज्य सरकारने एप्रिल ते सप्टेंबर 2020चा वाहनकर माफ केला, ते मान्य करतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2020पर्यंत हप्ते थांबवले, व्याज चालू ठेवून.

4 ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवी ते बारावीची शाळा उघडली. घरामागच्या व्हॅन पोरांसाठी बाहेर निघाल्या. त्याच 4 ऑक्टोबरला तुमची अधिसूचना आली. पंधरा वर्षांपुढच्या बस-ट्रकचं फिटनेस नव्याने घ्यायला पुढच्या एप्रिलपासून 1,500च्या जागी 12,500 रुपये. फिटनेस संपल्यावरच्या उशिराला दिवसाला 50 रुपये, हेही त्याच तक्त्यात. 50 रुपये रोज म्हणजे वर्षाला 18,250. त्या आकारावरून कोर्टकचेरी चालू आहे, म्हणून आज वाचलो. पण 30 सप्टेंबरला एका महिन्याची दया आणि चार दिवसांनी दंडाचं दरपत्रक, असा बेत कोण आखतो हो तुमच्याकडे? व्यापारी आमचा टोमॅटो पाडून मागतात, पण भाव तरी सकाळीच सांगतात.

मागणी फार नाही. प्रत्येक गाडीची मूळ तारीख धरून महिनावार टप्पे पाडा, मार्च 2022पर्यंत. ज्याने तारीख घेतली आहे त्याच्या पोचपावतीलाच तोपर्यंत फिटनेस माना, आणि हे सल्ला म्हणून नाही, कायद्याखालची अधिसूचना म्हणून काढा, म्हणजे विमा कंपनीलाही बांधेल. मंचर आणि जुन्नर इथे आठवड्यातून एक दिवस निरीक्षक पाठवा. मैदान आम्ही झाडून देऊ. तुमची मुदतवाढ चालू असताना जे दिवस उलटले, त्यांचा एक रुपयाही विलंब आकार कुठल्या राज्याने कधीच घेऊ नये, हे आत्ताच लिहून द्या. नंतर कोण कुठल्या फाइलीतून काय काढील याचा नेम नाही.

गाडी नापास झाली तर आम्ही दुरुस्त करू, त्याबद्दल तक्रार नाही.

आपला,
एक पिकअपवाला

ता. क. आठव्या मुदतवाढीचा विचार चालू असेल तर कृपया शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. शनिवारी पहाटे नारायणगावात माल भरायचा असतो, तेव्हा मोबाइल बघायला हात रिकामा नसतो.