उंबरठ्याबाहेरचे चार हात

उंबरठ्याच्या आतली जागा कोणाची याविषयी वाद नसतो, आणि रस्त्याच्या मध्यावरची जागा कोणाची याविषयीही नसतो. भांडण असते ते या दोहोंमधल्या चार हातांचे. घरापुढून नाली वाहते, नालीपलीकडे रस्ता असतो. आणि मोटारसायकल, हातगाडी किंवा आजारी म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची घरात न्यावयाची तर हे अंतर कशाने तरी सांधावे लागते. घरमालक नालीवर फरशी टाकतो आणि सिमेंटचा उतार रस्त्यात सोडतो. त्याला कोणी विचारीत नाही, आणि तोही कोणाला विचारीत नाही.

हा प्रश्न आदिलाबादचा म्हणून आज आम्ही येथे मांडीत आहोत. पैनगंगेच्या दक्षिणेचे हे गाव तेलंगणात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा आपल्याकडे आले, आदिलाबाद तिकडे राहिले. परंतु नकाशावरच्या रेघेने माणसांची बोली तुटत नाही. तेथल्या बाजारात तेलुगू, उर्दू आणि गोंडीच्या जोडीने मराठी आजही ऐकू येते. किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकास हे गाऱ्हाणे दूरचे वाटेल. पण त्याने आपल्याच दारापुढचा उतार एकदा पाहावा, म्हणजे अंतर किती थोडे आहे हे कळून येईल.

एकाने दोन हात उतार काढला की शेजारी तीन हात काढतो. डांबराचे थर चढून रस्ता वर येतो, म्हणून नव्या घराचे जोते आणखी उंच होते आणि उतार आणखी लांबतो. नालीवर पक्की फरशी पडली म्हणजे ती उपसावयाची कशी? आषाढातली पहिली मोठी सर आली की तुंबलेले पाणी, ज्याने फरशी टाकली त्याच्या उंच जोत्यावर चढत नाही. ते शिरते खालच्या अंगाच्या गरिबाच्या खोलीत. आणि जे पायी चालतात, म्हणजे शाळेची मुले, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, काठी टेकीत जाणारे वृद्ध, त्यांना हे चढउतार चुकवीत थेट वाहनांच्या वाटेत उतरावे लागते. एकाच्या सोयीची किंमत दुसरा मोजतो, हा या व्यवहारातला खरा अन्याय होय.

याचा अर्थ घरमालक गुन्हेगार आहे, असा मात्र नव्हे. वाहन घरात घेणे ही चैन राहिलेली नाही. अपंग माणसाला तर तो उतार म्हणजेच घराचा दरवाजा आहे. गरज खरी आहे. ती भागविण्याची रीतसर वाट सोपी आणि सर्वांस ठाऊक असलेली नाही, हे दुखणे आहे. जेथे वाट दिसत नाही तेथे दोनच गोष्टी घडतात. एरवी सगळे डोळेझाक करतात आणि एखाद्या दिवशी पालिकेचे यंत्र येऊन सरसकट सारे फोडून जाते. या दोन टोकांच्या मध्ये चिरीमिरीला मोकळे रान मिळते, हे काय सांगावयास हवे?

इंग्लंडात यासाठी कायदाच आहे. १९८० च्या हमरस्ता कायद्याच्या १८४ व्या कलमान्वये, ज्याला पदपथ ओलांडून वाहन घरात न्यावयाचे आहे त्याने स्थानिक संस्थेकडे अर्ज करावयाचा. संस्था सुरक्षितता आणि रहदारी पाहून होकार वा नकार देते, खर्चाचा आकडा कळविते, आणि पैसे भरल्यावर कडेचे दगड खाली बसवून वाट करून देते. ज्याची सोय त्याचा खर्च, आणि काम मात्र सार्वजनिक मापाने, हे त्यातले तत्त्व आम्हांस घेण्याजोगे वाटते.

आपल्याकडेही तत्त्वांची वाण नाही. पदपथ सर्वांचा आहे, तो अडविण्याचा हक्क कोणालाही नाही; परंतु हटविण्यापूर्वी सामान्यतः नोटीस देऊन म्हणणे ऐकावे, असे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सांगितले. अडथळ्याविना पदपथावरून चालणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि तेलंगणाने तर २०२० साली घरबांधणीच्या परवानगीची वाट उल्लेखनीय रीतीने सोपी केली: ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावरील लहान घराला परवानगीची गरज नाही, १ रुपया भरून नोंदणी केली की झाले. ज्या राज्याला घराबाबत नागरिकाच्या शब्दावर विश्वास टाकता आला, त्याला दारापुढच्या चार हातांबाबत तो टाकता येऊ नये काय?

आमची सूचना साधी आहे. पालिकेने उताराचा एक नमुना ठरवावा. उतार शक्यतो घराच्या हद्दीतच वळवावा. नालीवर पक्क्या फरशीऐवजी उचलता येईल अशी लोखंडी जाळी असावी. पदपथाची पातळी सलग राहावी. शुल्क खर्चापुरते असावे आणि ते कचेरीच्या भिंतीवर तेलुगू, उर्दू आणि मराठीतही लिहिलेले असावे. अर्जाचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागावा. अपंगांच्या घरांना आणि गरिबांना शुल्क माफ असावे. जुने उतार सुधारण्यास एक पावसाळा उलटेपर्यंत अवधी द्यावा. त्यानंतर हातोडा चालवावयाचा तर तो आधी नगरसेवकाच्या आणि सावकाराच्या दारी चालवावा, मगच गरिबाच्या.

स्वराज्य म्हणजे काय, हे आम्ही पूर्वी सभांतून सांगत असू. आता वाटते की त्याची परीक्षा सभेत होत नाही. आपल्या दारापुढून शेजाऱ्याचे पाणी वाहू द्यावे आणि वाटसरूला चालू द्यावे, एवढे ज्याला कोणी न सांगता जमते, त्याला ते कळले. बाकीच्यांसाठी नियम हवा. पण तो पाळता येईल असा असावा, आणि सर्वांना एकच असावा.