अंतर मैलांचे नव्हे

परदेशात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, की आपल्या पुढाऱ्यांचा ऊर भरून येतो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते लंडनमधील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. त्याला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो शासनाने स्मारके उभारली म्हणजे राष्ट्रनेत्याचा विचार दूरदेशी पोहोचतो, या समजुतीला.

हंगेरीतील शायोकाझा या गावाकडे पाहा. तेथील रोमा समाज गावकुसाबाहेरचा. रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या शाळांत ढकलण्याची त्या देशात रीतच पडली होती. अशाच एका प्रकरणात २०१३ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हंगेरीला दोषी ठरविले. या समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती आंबेडकरांचे चरित्र पडले. ते महाराष्ट्रात येऊन गेले आणि त्यांनी शायोकाझात 'जयभीम' नावाची संघटना व आंबेडकरांच्या नावाची शाळा काढली. भाषा निराळी, इतिहास निराळा. पण अपमान ओळखीचा निघाला आणि शिक्षण व संघटना ही हत्यारे उपयोगी पडली. परका नेता आपला होतो तो असा.

मग हजारो मैलांवर जे उमगले, ते आमच्या शिक्रापूरच्या परिसरात का उमगू नये? येथून काही मैलांवर कोरेगाव भीमाचा स्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले होते. २०१८ साली त्याच तारखेला कोरेगाव-सणसवाडी भागात दगडफेक झाली, वाहने जळाली, एका तरुणाचा बळी गेला. गुन्ह्याचा निवाडा न्यायालयाने करावा. माझा प्रश्न शेजाऱ्यांमधील अंतराचा आहे.

१९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक कोणी मांडले? १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून गेले, त्यांत महारांबरोबर कुणबीही होते. त्यांचे नेतृत्व कोणाचे होते? बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारे १९४६ चे विधेयक कोणी मांडले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. तरीही जमिनीचे तुकडे पडल्यामुळे रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी मजूर झालेला शेतकऱ्याचा मुलगा बाबासाहेबांना 'त्यांचा' नेता म्हणतो. त्याच्याच शेजारी, त्याच ठेकेदाराच्या दारात, बिहारचा मजूर उभा असतो.

कोणी म्हणेल, रोमांना आंबेडकर स्वीकारताना काही गमवावे लागले नाही. आमच्या गावात मात्र सवर्णाला जातीचे मोठेपण सोडावे लागते. हे खरे आहे, आणि अंतराचे मूळ नेमके तेथेच आहे. ते मैलांत मोजता येत नाही. परंतु ज्या मोठेपणाने आठ तासांचे बारा तास झालेले थांबत नाहीत, ते जपून त्या मुलाच्या पदरात काय पडते, हे त्याला विचारण्याचे काम कोणाचे होते?

ते आपले होते, आणि आपण ते केले नाही. १४ एप्रिलला एका वस्तीत जाऊन हार घालायचा आणि दुसऱ्या वस्तीत कांद्याच्या भावावर भाषण करायचे, ही आपली पद्धत. आंबेडकर एका वस्तीला वाटून देण्यात जातीयवाद्यांइतकाच आपलाही हात आहे.

साथींनो, येत्या १४ एप्रिलची सभा कारखान्याच्या फाटकापाशी घ्या. विषय ठेवा: खोती आणि ४८ तास. मराठा, बौद्ध, बिहारी, सर्वांना बोलवा. शायोकाझाचा अभिमान बाळगण्याचा अधिकार त्यानंतर आपल्याला मिळेल.