धूर आमचा, कर त्यांचा!

चंद्रपूरहून घुग्घुसच्या रस्त्याने ज्याने एकदा प्रवास केला आहे, त्याला कार्बन म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, स्पंज आयर्नची धुराडी आणि जवळच २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर त्यात वरच्या क्रमांकांत होते. या धुराची किंमत चंद्रपूरकर आपल्या फुप्फुसांनी चुकवत आला आहे. आता तीच किंमत दुसऱ्यांदा मागण्यासाठी युरोप पुढे सरसावला आहे आणि ती जमा होणार आहे युरोपच्या तिजोरीत.

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी प्रत्यक्ष अमलात आली आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते असा माल तेथे पाठवायचा, तर तो बनवताना किती कार्बन हवेत गेला याचा हिशेब द्यावा लागतो आणि तेथील आयातदाराला तेवढी प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतात. मालात वापरलेल्या स्पंज आयर्नचा कार्बनही त्यात मोजला जातो. पडताळणी केलेला हिशेब नसेल, तर युरोपने ठरवलेले चढे आकडे गृहीत धरले जातात. बड्या कंपन्या यासाठी सल्लागार नेमतील. पण औद्योगिक वसाहतीत पंचवीस माणसांना घेऊन निर्यातदारासाठी सुटे भाग घडवणाऱ्या मराठी उद्योजकाने काय करावे? त्याने भट्टी पाहावी की युरोपचे तक्ते भरावेत?

दीड-दोन शतके कोळसा जाळून ज्यांनी साम्राज्ये उभारली, त्यांनी दरडोई जेमतेम दोन टन कार्बन सोडणाऱ्या देशाला पर्यावरणाचे धडे द्यावेत, हा न्याय अजब आहे. हवामानाची जबाबदारी समान असली, तरी प्रत्येकाचा भार वेगळा, हे तत्त्व १९९२ च्या जागतिक करारात याच देशांनी मान्य केले होते.

गडचिरोलीचे उदाहरण पाहा. सूरजागडच्या डोंगरातील लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथे सुमारे ऐंशी वाहने जाळली. २०२१ नंतर काम मार्गी लागले आणि १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते कोनसरीच्या लोह प्रकल्पाचे उद्घाटन झाले. बरोबर एका वर्षाने युरोपची आकारणी सुरू झाली! ज्या वनवासी तरुणाच्या हाती बंदुकीऐवजी आता कुठे हजेरीकार्ड आले, त्याच्या लोखंडावर ही पट्टी बसते आहे. या हिशेबात धुराड्याला रकाना आहे. त्याच जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूमीवरील अरण्याला मात्र नाही.

कारखानदारांची वकिली आम्हाला करायची नाही. कोळशावरचे आपले पोलाद जागतिक सरासरीपेक्षा अधिक कार्बन सोडते, हे खरेच आहे. पण मग त्याची किंमत आपणच का वसूल करू नये? मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बन किंमत वजा करण्याची तरतूद युरोपच्याच नियमात आहे. आपल्याकडे २०१० पासून कोळशावर टनाला पन्नास रुपये उपकर होता. २०१६ पर्यंत तो चारशे झाला. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी जमले, त्यांतले स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांवर खर्च झाले अवघे १६ हजार कोटींच्या आसपास. पुढे तो राज्यांच्या भरपाईत विरघळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रद्दच होऊन वस्तू व सेवा कराचा दर अठरा टक्के झाला. करप्रणाली सुटसुटीत झाली, हे मान्य. पण ‘ही आमची कार्बन किंमत’ असे युरोपला ठणकावून सांगण्याचे जे एक साधन हाती होते, ते ऐन आकारणीच्या तोंडावर आपणच मोडीत काढले. याला दूरदृष्टी कसे म्हणावे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने उद्योगांसाठी उत्सर्जनाची बंधनकारक उद्दिष्टे जाहीर केली. पहिल्या यादीत सिमेंट आणि कागद आहेत. म्हणजे गडचांदूर आणि बल्लारपूर. पोलाद मात्र नव्हते, आणि युरोपचा सर्वाधिक फटका पोलादालाच आहे.

पोलादाला विनाविलंब या व्यवस्थेत आणून त्याची किंमत देशातच वसूल करावी आणि त्यातला निश्चित वाटा कायद्यानेच ज्या जिल्ह्यात धूर आहे तेथे परतवावा: लहान उद्योजकाच्या भट्टीसाठी, चंद्रपूरच्या दवाखान्यांसाठी आणि लेखा-मेंढ्यासारख्या, स्वतःचे जंगल स्वतः राखणाऱ्या ग्रामसभांसाठी. २०२६ च्या मालाची प्रमाणपत्रे युरोप फेब्रुवारी २०२७ पासून विकणार आहे. तोवर आपली पावती तयार नसेल, तर कोनसरीच्या लोखंडाचे पैसे ब्रुसेल्सला जातील आणि घुग्घुसचा धूर घुग्घुसलाच राहील.