नदी निळीच कशाला?



नदीचं चित्र काढायला सांगितलं की तुम्ही काय काढता? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली निळीशार नदी. हो ना? धुळ्याच्या आमच्या वर्गातही तेच. पण एकदा चौथीतल्या एका मुलानं उन्हाळ्यातली पांझरा रंगवली ती चक्क मातकट! नुसती वाळू आणि दोन-तीन डबकी. मी म्हटलं, "अरे, नदी निळी रंगव." तो म्हणाला, "बाई, तठे पाणीच नई शे!" तरीही मी ती निळी करून घेतली. घरी जाताना पुलावरून खाली पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली.

तेव्हा मला कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान आठवले. मुंबईत 1857 साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिथं चित्रकला विलायती पद्धतीनं शिकवत. समोरची वस्तू नीट बघायची, मापं घ्यायची, जवळचं मोठं नि दूरचं लहान काढायचं, छाया-प्रकाश ओळखायचा. जलरंगांचं तंत्रही विलायतेतूनच आलेलं. आबालाल तिथं शिकले आणि कोल्हापूरला परतले. मग त्यांनी काय रंगवलं? विलायतेतली तळी? छे! आपल्या गावचं कोटितीर्थ तळं, आणि तेही पुन्हा पुन्हा!

सावंतवाडीचे सावळाराम हळदणकरही जे. जे.चेच विद्यार्थी. त्यांनी आपल्या मुलीला हाती दिवा देऊन उभं केलं आणि जलरंगात चित्र काढलं. तिच्या बोटांतून झिरपणारा लालसर उजेड पाहायला आजही लोक म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात जातात. तंत्र परकं होतं, पण दिवा आणि लेक घरचीच.

जलरंगाची एक गंमत आहे. उजेड दाखवायचा तिथं कागद कोराच सोडायचा. एकदा लागलेला रंग सहजी पुसता येत नाही. म्हणून आधी डोळे भरून बघायचं, मगच कुंचला उचलायचा.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा जरूर द्या. तिथले नियम हाताला वळण लावतात. पण रंग कोणता, हे समोरच्या नदीलाच विचारा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला नवा कागद दिला. ती मातकट पांझरा आता आमच्या वर्गात फळ्याशेजारी लावली आहे.

येत्या रविवारी रंगपेटी घेऊन तुम्हीही तुमच्या नदीवर जा. ती जशी दिसेल तशीच रंगवा, बरं का! आणि कुणी बाई "निळी कर" म्हणाल्या, तर त्यांना नदीवर घेऊन जा.

तुमच्या,
बाई